तीन लाखांच्या आत आहोत, हे काकूंनी सिद्ध कशानं करायचं?

रविवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या काकू घरकुलाची कागदं घेऊन आल्या. त्या चार घरी पोळ्या करतात, काका अडतीवर हमाल आहेत. जागा स्वतःची, उतारा काकांच्या नावावर. वर पत्रे, पावसात तीन ठिकाणी पातेली मांडावी लागतात. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठंही पक्कं घर नको.

त्यांचं घोडं अडलं होतं उत्पन्नाच्या रकान्यात. "ताई, इथं काय लिहू?"

पगारपत्रक नाही, बँकेत पगार जमा होत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र त्यांनी काढून आणलं होतं. दुधाच्या हिशेबाशेजारी काकांच्या खाड्यांच्या फुल्या. आम्ही दोघी मोजत बसलो. हमाली दिवसाला ५००, महिन्याचे १८ दिवस. पावसाळ्याचे चार महिने निम्मंच काम. काकांचे झाले ९०,०००. काकूंचे चार घरांचे ४,८०० महिना, म्हणजे ५७,६००. एकूण १,४७,६००. मर्यादेच्या निम्मेसुद्धा नाहीत.

तोच आकडा घेऊन त्या उत्पन्नाच्या दाखल्याला गेल्या. तिथं त्यांचा जुना दाखला निघाला, २१,००० चा. खिडकीतून विचारलं, "मागं एकवीस हजार, आता दीड लाख. खरं कुठलं?" काकू काही न बोलता घरी आल्या.

तो जुना दाखला सासूबाईंच्या श्रावणबाळसाठी, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनसाठी होता. आकडा काकूंनी सांगितलाच नव्हता, अर्ज भरून देणाऱ्यानं टाकला होता, कारण त्या योजनेची मर्यादाच वर्षाला २१,००० आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आज एवढ्यात कुठलं घर चालतं? खरा आकडा सांगितला की म्हातारीचे दीड हजार जातात, म्हणून गावोगाव हाच आकडा लिहिला जातो. मर्यादा अशी ठेवायची की खरं सांगणारा बाहेर पडेल, आणि पुढं त्याच कागदावरून गरिबाला खोटं ठरवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

याच आवास योजनेत २०१५ पासून गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान होतं, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. त्यासाठी कर्जदारानं उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं तरी चालेल, असं मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलं होतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, मर्यादा अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असं शासनानंच ठरवलं. काकूंचं कार्ड केशरी आहे. त्याच कार्डावर त्यांना ते पैसे मिळाले. मग घरकुलाला तेच कार्ड का चालू नये? पत्र्याचं घर तर नगरपालिकेचा माणूस येऊन डोळ्यांनी बघणारच आहे, हप्ते सोडताना बांधकामाचे फोटोही काढणार आहे.

माझं म्हणणं आहे, ज्यांच्याकडे पगाराचा कागद नाही त्यांचं स्वयंघोषणापत्र आणि रेशनकार्ड घ्या, शंका आली तर घरी येऊन चौकशी करा. चौकशीचं काम शासनाचं आहे, दिवस बुडवून खिडक्या फिरण्याचं काम हमालाचं नाही. त्या दिवशी काकूंच्या दोन घरच्या पोळ्या बुडाल्या.

तुमच्या ओळखीत कुणी अर्ज करत असेल तर एवढं सांगा: आकडा एजंटला टाकू देऊ नका, घरी बसून खरा हिशेब करा आणि त्याची एक प्रत जवळ ठेवा. अर्जाची पोचपावती घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला तर अपील करता येतं. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका, कारण लेखी मागा.

सोमवारी मी काकूंबरोबर गेले. आकडा १,४७,६०० च लिहिला, खाली हिशेब जोडला, अर्ज घेतला गेला. परत येताना रिक्षात त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, हा आकडा लागला तर सासूबाईंचा पगार बंद होईल का?"

मला उत्तर देता आलं नाही.