उंची सांगा, हात दाखवा

‘मालिकेसाठी सासरे हवेत. वय ४५ ते ५५, करारी पण आतून प्रेमळ.’ नाटकाच्या ग्रुपवर मेसेज पडला. हिने तो वाचून विचारलं, "यातलं वय सोडून तुमच्याकडे काय आहे?"

राज्य नाट्य स्पर्धेत मी डोंबिवलीहून पंधरा वर्षं उभा राहतोय. शेवटच्या रांगेत डुलकी लागलेल्या आजोबांना जागं करील असा आवाज, ही आमची कमाई. इथे ऑडिशन घरीच फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची; ना रांग, ना तिसरी घंटा. स्टुलावर मिसळणाचा डबा आणि त्याला टेकवलेला फोन.

सूचना अशा: फोन आडवा, कंबरेच्या वरचं दिसावं, उजेड समोरून, मागे कोरी भिंत. आमच्या घरात एका भिंतीवर कॅलेंडर, दुसरीवर सासरेबुवांचा हार घातलेला फोटो, तिसरीला ओल. ओलीवर चादर टाचली. खिडकीकडे तोंड केलं तर समोरच्या गॅलरीतले काका पेपर खाली करून बघत बसले. पहिल्यांदाच फुकट प्रेक्षक मिळाला आणि तोही नको होता.

आधी ओळख. नाव, वय, उंची. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पालथे-सुलटे. (सासऱ्याचे तळवे कशाला बघतात, कळत नाही. भाकऱ्या थापायच्यात का?)

"उंची पाच फूट सात."

"सहा," फोनमागून आवाज आला. "सात चपलेसकट."

पुन्हा घेतलं. हात दाखवून झाले तशी ही म्हणाली, "आता जरा चालून दाखवा."

"तसं लिहिलेलं नाही."

"माझ्या वेळीही पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं. तरी तुमच्या आत्याने चालायला लावलं आणि मामांनी चपला काढून उंची विचारली. तुम्ही पोहे खात होतात."

ठाण्यातली ती बाहेरची खोली २००१ सालापासून हिच्या डोक्यात जशीच्या तशी आहे, हे मला स्टुलासमोर उभं असताना कळलं. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले होते, तेही तिने ऐकवलं.

मग प्रवेश. सुनेची वाक्यं हीच देणार. "बाबा, मी हे घर कायमचं सोडून चाललेय," हे तिने दुधाचा हिशेब वाचावा तसं वाचलं. लेन्सच्या जरा बाजूला बघायचं असतं, म्हणून मी तिच्या डाव्या कानाकडे बघत "थांब, सूनबाई!" अशी हाक दिली. शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना.

"हळू. फोन बहिरा नाहीये."

पुढच्या टेकला कुकर, त्याच्या पुढच्याला भंगारवाला. अकराव्या टेकला मला खरंखुरं रडू आलं, पण फोनची जागा भरली होती. रेकॉर्डिंग अश्रूंच्या आधीच थांबलेलं. मुलीच्या बारशाचे व्हिडिओ लॅपटॉपवर हलवून एकोणिसावा टेक घेतला. रडू आलं नाही, घाम मात्र आला. लांबून सारखंच दिसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ सरळ पाठवला तर पिळून निघतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. फाइलच्या नावात पुन्हा उंची हवी होती. मी मुकाट्याने पाच-सहा टाकली.

रात्री साडेअकराला टिका निळ्या झाल्या. उत्तर आलं: ‘कळवतो सर.’

मी फोन हिच्यापुढे धरला. वाचून ती उशीत तोंड खुपसून हसत राहिली.

"आम्हाला अकरा दिवसांनी कळवलं होतंत," म्हणाली, आणि दिवा मालवला.