तरंगता तळ आणि आषाढातला समुद्र

गोव्यातल्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. चीनने समुद्रात बेटे उभी केली, जपानने तरंगत्या धावपट्टीवर विमान उतरवले. मग भारताने गोव्यासमोर खुल्या समुद्रात लष्करी तळ का बांधू नये? न बुडणारी विमानवाहू नौका मिळेल, भोवतीचे २०० सागरी मैल आपले होतील आणि दाबोळी विमानतळ नौदलाकडून मोकळा होईल, असा त्याचा सूर. उदाहरणे खरी आहेत. निष्कर्ष मात्र एकही टिकत नाही.

‘चीनने केले.’ केले, पण कुठे? २०१३च्या अखेरीपासून दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांच्या भागात फायरी क्रॉस, सुबी, मिसचिफ वगैरे प्रवाळखडकांवर, म्हणजे जिथे पाया आयता होता आणि पाणी उथळ होते तिथे. हिशेब करून पाहा. धावपट्टीसाठी ३ किलोमीटर लांब आणि ४०० मीटर रुंद माथा हवा, तोही पाण्यावर ५ मीटर. पाण्याखाली वाळू उभी राहत नाही, पसरते. उतार एकास पाच धरू, म्हणजे एक मीटर उंचीला पाच मीटर पसारा. १० मीटर खोलीत सुमारे २.२ कोटी घनमीटर भराव लागतो. खुल्या समुद्रातल्या ६० मीटर खोलीत तोच आकडा १५.७ कोटींवर जातो, आणि त्यातला निम्मा माल नुसत्या उतारात गडप होतो.

चीनच्या गाजलेल्या ड्रेजरची, म्हणजे समुद्रतळ उपसणाऱ्या जहाजाची, क्षमता ताशी सुमारे ४,५०० घनमीटर. दिवसाला वीस तास चालवला तर पहिले काम आठ महिन्यांत उरकते, दुसऱ्याला पावणेपाच वर्षे लागतात, तीही पावसाळ्याची सुट्टी न धरता. शिवाय हा ड्रेजर समुद्रतळात खुंट रोवून उभा राहतो आणि त्याचा दांडा तीसेक मीटरच पोचतो. ६० मीटर पाण्यात तो शेजारची वाळू उपसूच शकत नाही. ती दुसरीकडून जहाजात भरून आणावी लागेल. त्यात आपल्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ बराचसा मऊ चिकणगाळाचा. जपानचे कन्साई विमानतळ-बेट अशाच मातीवर, १८ मीटर पाण्यात बांधले. वाळूचे खांब रोवून मातीतले पाणी पिळून काढले, तरी ते दहा मीटरहून जास्त खचले आणि सप्टेंबर २०१८च्या चक्रीवादळात त्याची धावपट्टी पाण्याखाली गेली.

‘जपानची धावपट्टी तरंगली.’ हो, मेगा-फ्लोट नावाची, पोलादाची. १,००० मीटर लांब, ३ मीटर जाड, २०००मध्ये तिच्यावर विमानांच्या चाचण्या झाल्या. पण ती योकोसुकाला, टोकियोच्या उपसागरात आडोशाला होती. खुल्या समुद्रात दहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर भरते. म्हणजे एकाच वेळी सहा लाटा त्या पत्र्याखाली, आणि प्रत्येक लाट वेल्डिंगचा सांधा एकदा वर, एकदा खाली वाकवते. जून ते सप्टेंबर ही वाकणी दहा लाखांवर जातात. पोलाद एका दणक्याने क्वचितच तुटते, या वाकण्याने थकून तडकते. अमेरिकेने नव्वदच्या दशकात दीड किलोमीटरपर्यंतच्या तरंगत्या तळाचा अभ्यास केला. मोठमोठे ठोकळे एकमेकांना जोडणारे सांधे हेच तिथले सर्वांत अवघड दुखणे ठरले. तळ बांधला गेला नाही. २०२४ मध्ये गाझाच्या किनाऱ्यावर अमेरिकी लष्कराने लावलेला तरंगता धक्का काही दिवसांतच लाटांनी मोडला, आणि तो समुद्र भूमध्य होता, आषाढातला अरबी नव्हे. इथे तर लाटा ४ मीटरच्या पुढे जातात. जून २०००मध्ये कांदोळीच्या वाळूत रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज काढायला बारा वर्षे लागली; नांगर सुटलेल्या धावपट्टीचे काय होईल ते कांदोळीकरांना वेगळे सांगायला नको.

‘न बुडणारी विमानवाहू नौका.’ विक्रांत २८ नॉट वेगाने अर्ध्या तासात २६ किलोमीटर सरकते. शत्रूला दोन हजार चौरस किलोमीटर धुंडाळावे लागतात. बेटाचे ठिकाण उपग्रहाच्या चित्रात कायमचे ठरलेले. बेट बुडणार नाही, हे खरे. पण त्यावरच्या इंधनाच्या टाक्या पेटतील, आणि त्या पुन्हा भरायला येणारा टँकर दीड मीटरच्या लाटेतही धक्क्याला नीट टेकत नाही. गोड पाणी समुद्राचे करता येते, विमानाचे इंधन नाही. म्हणजे आधी भलामोठा लाटरोधक बंधारा हवा. ६० मीटर पाण्यात तो बांधायचा खर्च संदेशात कुठेच नाही.

२०० मैलांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचे कलम ६० सांगते की कृत्रिम बेटाला स्वतःचा सागरी पट्टा मिळत नाही. भोवती फार तर ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र. शिवाय आपल्या किनाऱ्यापासूनचे २०० मैल आर्थिक क्षेत्र म्हणून आधीच आपल्याकडे आहेत.

तरंगते तळ अजिबात चालत नाहीत असेही नाही. १९८७मध्ये अमेरिकेने इराणच्या आखातात दोन बार्जांवरून, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यांवरून, हेलिकॉप्टरे आणि गस्ती नौका चालवल्या. आखात बंदिस्त, काम छोटे, म्हणून जमले. आपल्याकडे काणकोण तालुक्यातल्या अंजदीवला बंधाऱ्याने कारवारच्या किनाऱ्याशी जोडून नौदलाचा तळ झाला. बेट मुळातच खडकाचे होते, बांधावा लागला तो आडोसा.

राहिली दाबोळी. समुद्रातल्या धावपट्टीने ती मोकळी होणार नाही, कारण तिथे नुसती धावपट्टी नाही. हँगर, दुरुस्तीच्या कार्यशाळा, इंधन, राहण्याची घरे, सगळे आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर आहे. विमानवाहू नौकेवर जाण्याआधी वैमानिक ज्या स्की-जंपवरून, म्हणजे टोकाला वर उचललेल्या धावपट्टीवरून, उड्डाणाचा सराव करतात, तीसुद्धा नौदलाने इथेच, जमिनीवर बांधली आहे.