व्हर्दूनची गावं कुणी टाकून दिली नाहीत

लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेली नऊ गावं शंभर वर्षं ओसाड पडलीत. तिथल्या लोकांना मातीची ओढ नाही, सरकारही विसरलं. आमचं किल्लारी बघा, त्याच जागी पुन्हा उभं राहिलं!' यात नऊचा आकडा तेवढा खरा. तोही अर्धाच, कारण त्यातल्या तीन ठिकाणी थोडीफार वस्ती पुन्हा झाली आहे.

ओढ नाही म्हणता? ही गावं व्हर्दून या फ्रेंच शहराजवळची. १९१६ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर तिथे फ्रेंच आणि जर्मन सैन्यांची लढाई चालली. फ्लरी हे त्यातलंच ४२२ वस्तीचं गाव. त्या उन्हाळ्यात ते सोळा वेळा या सैन्याकडून त्या सैन्याकडे गेलं. युद्ध संपलं तेव्हा शिवारभर न फुटलेले तोफगोळे, विषारी वायूचे गोळे आणि माणसांची हाडं. सरकारने हा पट्टा 'लाल क्षेत्र' ठरवून बंद केला आणि त्यावर जंगल लावलं. जवळच स्पँकूरच्या जंगलात युद्धानंतर रासायनिक गोळे जाळले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली माती तपासली, तर काही ठिकाणी वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक निघालं. त्या भागात आजही गोळे सापडतात. अशा रानात आपण तरी औत घातलं असतं का?

विसरले म्हणावं, तर सरकारदप्तरी ही गावं जिवंत आहेत. जिथे एकही माणूस राहत नाही, अशा सहा गावांनाही महापौर नेमला जातो. फ्लरीत गवताने झाकलेल्या खड्ड्यांमधून पायवाटा काढल्यात आणि इथे बेकरी होती, इथे शाळा, अशा खुणा रोवल्यात.

आता किल्लारी. ते त्याच जागी उभं राहिलेलंच नाही! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली, किल्लारी त्यातलंच. शिवाय भूकंपाने घरं पाडली, रानं नासवली नाहीत. नव्या गावातून जुन्या शेतात जाता आलं. फ्लरीच्या शेतकऱ्याला ती सोय नव्हती.

आपल्या मेलेल्या माणसांच्या नावाने दुसऱ्यांच्या मेलेल्यांना हिणवणं मला सहन होत नाही. किल्लारीची तुलना करायचीच, तर फ्रान्समधल्याच ओरादूर-स्यूर-ग्लान या गावाशी करा. १० जून १९४४ ला नाझी सैनिकांनी तिथे सहाशेहून जास्त माणसं मारली. जळकं गाव मुद्दाम तसंच राखलं आणि लोकांसाठी शेजारी नवं बांधलं.