गेटवर फुंक मारायची, पण कुणी कुणी?

दिग्याच्या कंपनीत सोमवारपासून गेटवर ब्रेथ अॅनालायझर येतोय, म्हणजे फुंकेतून दारू पकडणारं मशीन. बोर्डावर नोटीस लागली, मशीनवर शून्य आलं नाही तर आत एंट्री नाही, तो दिवस बिनपगारी, आणि तिसऱ्यांदा सापडला तर चार्जशीट. दिग्या तिथे एचआरला आहे, म्हणजे नोटीस त्यानेच टाईप केलेली, आणि सच्या नाशिकच्या अंबडलाच दुसऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, त्यामुळे शनिवारी सिडकोतल्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच पेटलं.

सच्या म्हणे, "मी रात्री माझ्या घरी, माझ्या पैशाने काय पितो त्यात तुमच्या कंपनीच्या बापाचं काय जातं?"

"पी ना बाबा, कोण नको म्हणतंय," दिग्या म्हणाला. "पण सकाळी सातला प्रेससमोर उभा राहशील ना, तेव्हा हात तुझाच जाईल असं नाही, शेजारच्याचा जाईल."

"सकाळपर्यंत उतरते रे."

इथे मला राहवलं नाही. म्हणलं थांब, हिशोब करू. क्वार्टर म्हणजे 180 मिली, बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे आत जवळजवळ 77 मिली निव्वळ अल्कोहोल. शरीर तासाला साधारण दहा मिलीच्या आसपास जिरवतं, कुणाचं थोडं जास्त कुणाचं कमी, आणि गार पाण्याची अंघोळ, लिंबू, काळी कॉफी, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. बारा वाजता क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सातच्या शिफ्टला गेटवर आला तर त्याला स्वतःला एकदम ओके वाटेल आणि मशीनवर तरी आकडा येऊ शकतो. सच्या मनातल्या मनात कालच्या रात्रीचा हिशोब करत असणार, कारण पाचेक मिनिटं गप्प होता.

मग एकदम म्हणाला, "बरं, पण रस्त्यावर गाडी चालवायला सरकार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. मोटार वाहन कायदा, कलम 185. आणि ह्यांना शून्य पाहिजे? मी विमान चालवतोय का?"

विमानाचं नाव निघालं आणि दिग्याला जोरच आला. पायलटला उड्डाणाच्या आधी 12 तास दारू वर्ज्य, टेस्टला शून्य, पहिल्यांदा सापडला की लायसन्स तीन महिने सस्पेंड, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. 2023 मध्ये तर डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान खात्याने, अल्कोहोलवाला माउथवॉशसुद्धा बंद केला त्यांना. "त्यांना चालतं तर तुम्हाला काय धाड भरली?"

मनीषा लेबर कोर्टात प्रॅक्टिस करते. ती तोवर फक्त ऐकत होती, वडापाव संपल्यावर बोलली. तिचं म्हणणं, पायलटचं उदाहरण देतोस तर पूर्ण दे. तिथे पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की थोड्या वेळाने साक्षीदारासमोर दुसरी घेतात, सगळं लेखी होतं. तुमच्या नोटिशीत दुसरी टेस्ट कुठंय? तोंडात नुसता खोकल्याच्या औषधाचा अंश राहिला तरी मशीन बोंबलतं, चूळ भरून पंधरा मिनिटं थांबलं की तो आकडा पडतो, प्यायलेल्याचा पंधरा मिनिटांत शून्यावर येत नाही. एवढा साधा फरक आहे.

मी म्हणलं, आणि फणस. केरळात 2025 च्या जुलैमध्ये पंदळम डेपोत सरकारी बसचे ड्रायव्हर सकाळी सकाळी मशीनवर पॉझिटिव्ह आले, आणि त्यांनी खाल्ला होता पिकलेला फणस. शेवटी शून्य आलेल्या माणसाला फणस खायला घालून पुन्हा फुंक मारायला लावली तेव्हा पटलं सगळ्यांना. कोकणातल्या पोरांनी मे महिन्यात काय करायचं मग, गऱ्यांसाठी रजा टाकायची? (दिग्याची सासुरवाडी राजापूरची आहे, त्यामुळे हे त्याला जरा लागलं.)

"आमच्या सिक्युरिटीला बरोबर वास कळतो," दिग्या म्हणाला.

मनीषा हसली. "वासावर जाऊ नको हां. 1971 साली महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हणलंय, तोंडाला वास येतो, चाल डळमळते, बुबुळं मोठी झालीत, बोलणं अडखळतं, एवढ्यावर दारू प्यालेला होता असं सिद्ध होत नाही, रक्त तपासायला हवं होतं. ती फौजदारी केस होती, तुमच्या इन्क्वायरीत एवढा कडक पुरावा लागत नाही हे खरं, पण सिक्युरिटीच्या नाकावर माणूस काढलास तर माझ्यासारखा कुणीतरी समोर उभा राहील." शिवाय आपल्याकडच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कामगारांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, गैरवर्तन म्हणून जे लिहिलंय ते आवारात दारूच्या नशेत असणं, धिंगाणा घालणं. रात्रीची उरलेली पाच-दहा मिलिग्रॅमची रीडिंग म्हणजे ती नशा का, हा वाद अजून शिल्लकच राहतो.

आणि सच्याला पण तिने सोडलं नाही. भरपाईच्या कायद्यात लिहून ठेवलंय, अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा ड्रग्जच्या अंमलाखाली असेल आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजेला मालक भरपाई द्यायला बांधील नाही. म्हणजे दोन बोटं गेली आणि रिपोर्टमध्ये दारू निघाली की मालकाचा वकील पहिलं तेच पान उघडणार. सच्याला हे माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं, खरं सांगायचं तर.

एवढ्यात नाना बोलले. नाना नगरपालिकेतून ड्रेनेज खात्यातून रिटायर झालेत, एरवी फक्त हूं हूं करतात. "आम्हाला तर मुकादमच पावशेर आणून द्यायचा. चेंबरमध्ये उतरायच्या आधी. शुद्धीत असलेला माणूस त्या वासात उतरूच शकत नाही रे. आमच्या गँगमधले निम्मे त्यातच गेले, लिव्हरने. तेव्हा कुणी मशीन लावलं नाही."

यावर दिग्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं म्हणजे कुणाकडेच नाही. काम असं ठेवायचं की पिल्याशिवाय जमू नये, आणि मग पिला म्हणून काढायचं. बारा तासांची नाईट मारणारे ट्रकवाले झोप येऊ नये म्हणून काय काय घेतात ते नाशिक-मुंबई हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर विचारा.

सच्याला बळ आलं. "आणि साहेब लोकांचं काय? डीलर मीटला रिसॉर्टवर कंपनीच्या बिलावर स्कॉच वाहते, ती कुठल्या पॉलिसीत? माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे, त्यांच्या ऑफसाईटला बिअर कंपनीच देते, वर त्याला टीम बाँडिंग म्हणतात. आम्ही प्यायलो की गैरवर्तन."

दिग्याने प्रेस आणि लॅपटॉप यातला फरक सांगून बघितला. तो फरक खरा आहे, मला मान्य आहे. पण मग नोटीस फक्त प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, ड्रायव्हर यांच्यासाठी काढा ना. गेटवर सगळ्यांसाठी म्हणताय तर साहेबाची गाडी काच वर करून सरळ आत जाते ती थांबवा. आणि ठेकेदाराची पोरं? परमनंटला निदान चार्जशीट तरी मिळते, इन्क्वायरी होते, दोन-चार महिने जातात. ठेकेदाराच्या पोराला सुपरवायझर गेटवरच सांगतो, उद्यापासून येऊ नको. त्याच्यासाठी पहिली वेळ हीच तिसरी वेळ. दिग्याने हे नाकारलं नाही, नुसता कप खाली ठेवला.

ड्रग्जचा मुद्दा आम्ही जरा घाईत उरकला, पण तिथे घोळ जास्त आहे. गांजाची लघवीची टेस्ट रोज ओढणाऱ्याची कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे ती सांगते की कधीतरी ओढला होता, आत्ता कामावर तर्र आहे का ते नाही सांगत. पण मनीषाने सांगितलेलं एक मला जास्त आवडलं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, एवढा कडक, त्यातसुद्धा कलम 64अ आहे, थोड्या मालात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळते. "सरकार केस सोडून देतं, तुझी कंपनी माणूस सोडून देते," असं म्हणाली. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. सापडायच्या आधी जो स्वतः येऊन सांगेल त्याला उपचाराची रजा आणि परत आल्यावर तीच नोकरी, एवढी एक ओळ नोटिशीत का नसावी?

दिग्या म्हणाला ओळ टाकून बघतो, दुसऱ्या टेस्टची पण टाकतो, ठेकेदाराचं वर विचारावं लागेल.

"आणि सोमवारी पहिली फुंक तुमच्या एमडी साहेबांची," सच्या म्हणाला.

"तेही मेलमध्ये टाकतो. तू तोवर माझ्यासाठी तुमच्याकडे व्हेकन्सी बघून ठेव."