तिजोरी दारातून आत गेलीच नाही
लेखात ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’ या आयर्लंडमधल्या, वंशावळी आणि घराण्यांची मानचिन्हं तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदाची १५५२ पासूनची सनावळी छान दिलीय, पण १९०७ ची आयरिश राजरत्नांची चोरी एका ओळीत उरकली याची चुटपुट लागली. डब्लिन किल्ल्यातल्या या कचेरीसाठी खास स्ट्राँगरूम बांधली, आणि रत्नांची तिजोरी तिच्या दारातून आत जाईना! मग ठेवली वाचनालयात. ब्रिटनचा राजा भेटीला यायला चार दिवस उरले असताना उघडली, तर रिकामी. तेव्हा या पदावर असलेल्या आर्थर व्हिकर्स यांचं पद गेलं, रत्नं आजवर सापडलेली नाहीत. वंशावळी आणि मानचिन्हं तपासणाऱ्या माणसाच्या गळ्यात जवाहिरखाना मारायचाच कशाला? बाकी १९४३ मध्ये कचेरी आयरिश सरकारकडे गेली, ‘अल्स्टर’ हा किताब मात्र लंडनच्या ‘नॉरॉय किंग ऑफ आर्म्स’ या तशाच पदाला चिकटला तो आजतागायत.