सॅशवर ‘सौदी अरेबिया’ लिहिलं म्हणून काय बदललं?

मार्च 2024 मध्ये एक फोटो जगभर फिरला. चमचमता गाऊन, डोक्यावर मुकुट, खांद्यावरून सॅश, म्हणजे देशाचं नाव लिहिलेला पट्टा, आणि हातात सौदीचा हिरवा झेंडा. त्याखालचा मजकूर आपल्याकडच्या ग्रुपवर अजूनही अधूनमधून उगवतो. त्याचा सारांश असा: सौदीने पहिल्यांदाच मिस युनिव्हर्सला मुलगी पाठवली, कट्टर मुस्लिम देशात असं आजवर घडलं नव्हतं, म्हणजे तिथल्या बायका मोकळ्या झाल्या, विरोध करतात ते फक्त मौलवी, आणि अशा स्पर्धांमधून जगाने रेटा दिला की उरलेले देशही सुधारतील. मजकूर छोटा आहे, पण त्यात पाच दावे आहेत. एकेक घेऊ.

‘सौदीने मुलगी पाठवली’

पाठवलेली नाही. रूमी अल-कहतानी या मॉडेलने इन्स्टाग्रामवर स्वतःच तसं जाहीर केलं आणि बातम्यांनी ते जसंच्या तसं उचललं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिस युनिव्हर्स संस्थेने खुलासा केला: सौदीत निवडप्रक्रिया झालेलीच नाही, असे दावे खोटे आणि दिशाभूल करणारे आहेत, फ्रँचाइझी, म्हणजे देशापुरता परवाना, मागणाऱ्या एका इच्छुकाची छाननी तेवढी चालू आहे. 16 नोव्हेंबर 2024 ला मेक्सिको सिटीत अंतिम फेरी झाली, डेन्मार्कची स्पर्धक जिंकली. सौदीची सॅश त्या मंचावर नव्हती. खुलासा मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

मुळात सॅशवर देशाचं नाव कसं येतं, तेच बहुतेकांना ठाऊक नसतं. ऑलिंपिकला असते तशी राष्ट्रीय समिती इथे नसते. स्पर्धा खासगी मालकीची असते. मिस युनिव्हर्स 2022 मध्ये थायलंडच्या जेकेएन ग्लोबल ग्रुपने 2 कोटी डॉलरला विकत घेतली. मालक कंपनी देशागणिक परवाना देते. परवाना घेणारा ‘नॅशनल डायरेक्टर’ म्हणवतो. शुल्क तो भरतो, प्रायोजक तो शोधतो, देशपातळीवरची निवडही तोच घेतो. सरकारची सही कुठेच लागत नाही. परवानाधारक त्या देशात राहायला हवा असंही नाही.

2023 चं पाकिस्तान हे याचं चांगलं उदाहरण. परवाना दुबईच्या कंपनीकडे, निवड मालदीवमध्ये, निवडून आली कराचीची एरिका रॉबिन. ती ख्रिस्ती आहे. ‘मुस्लिम मुलीने बुरखा झुगारला’ या मथळ्याखाली तिचा फोटो लावणाऱ्यांनी एवढंही पाहिलं नाही. सरकारने तिला पाठवणं तर दूरच, काळजीवाहू पंतप्रधान काकर यांनी पाकिस्तानचं नाव कोण वापरतंय याची चौकशी लावली. ती तरीही त्या वर्षीच्या स्पर्धेला, एल साल्वादोरला, गेली. तो तिचा हक्क होता आणि त्यासाठी तिच्या बाजूने उभं राहायलाच हवं. पण तिच्या जाण्यावरून पाकिस्तानी कायद्याबद्दल काहीच कळत नाही. 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीची सॅश घालून उतरलेली एमिलिया दोब्रेव्हा तर मूळची कोसोवोची, दुबईत स्थायिक झालेली.

‘मुस्लिम देशात पहिल्यांदाच’

1932. बेल्जियममधल्या स्पा गावी तुर्कस्तानच्या केरिमान हालिसच्या डोक्यावर जागतिक सौंदर्यस्पर्धेचा मुकुट चढला. देशातली निवड ‘जुम्हुरियेत’ या दैनिकाने घेतली होती आणि राष्ट्राध्यक्ष अतातुर्कने पुढे तिला ‘एजे’, म्हणजे राणी, असं आडनाव दिलं. 1954 ची मिस वर्ल्ड इजिप्तची अँटिगोनी कोस्तांदा, 1971 ची मिस युनिव्हर्स लेबनॉनची जॉर्जिना रिझ्क, 2002 ची मिस वर्ल्ड पुन्हा तुर्कस्तानची, आझ्रा आकिन. यातल्या सगळ्या जणी मुस्लिम नव्हत्या, पण देश मुस्लिमबहुल किंवा मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेले होते.

खरी गंमत तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की दिसते. तुर्कस्तानात बहुपत्नीत्व बंद करणारा आणि बाईला घटस्फोट मागू देणारा नागरी कायदा 1926 चा, नगरपालिकेचा मतदानाचा हक्क 1930 चा. मुकुट त्यानंतर आला. इजिप्तमध्ये मुकुटाच्याच वर्षी, मार्च 1954 मध्ये, दोरिया शफीक आणि तिच्या सोबतिणी मतदानाच्या हक्कासाठी कैरोच्या पत्रकार संघात उपोषणाला बसल्या, आठवडाभराहून जास्त दिवस. 1956 च्या राज्यघटनेने मत दिलं, तेही अटीवर: पुरुषाला काही सिद्ध करावं लागत नव्हतं, बाईला मात्र लिहिता-वाचता येतं हे दाखवावं लागे. पुढच्याच वर्षी शफीक नजरकैदेत गेली. 1954 ची सुंदरी कोण हे कुठेही सापडतं, शफीकचं नाव मात्र शोधावं लागतं.

लेबनॉनला मुकुट मिळून अर्धशतक उलटलं. परदेशी माणसाशी लग्न केलेली लेबनीज बाई आपल्या मुलांना आजही आपलं नागरिकत्व देऊ शकत नाही. 1925 चा तो नियम अजून उठलेला नाही. उलट ट्युनिशियाने यापैकी एकही मुकुट जिंकलेला नाही. तिथे ऑगस्ट 1956 च्या संहितेने बहुपत्नीत्वावर बंदी आणली आणि तोंडी तलाक बंद करून घटस्फोट कोर्टात आणला. भारतात शायराबानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द झाला 22 ऑगस्ट 2017 ला, म्हणजे 61 वर्षांनी. मधल्या काळात आपल्याकडे मुकुटांना तोटा नव्हता.

‘कपड्यांची सूट मिळाली, म्हणजे हक्क मिळाले’

सौदीत काहीच बदललं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जून 2018 मध्ये गाडी चालवायची बंदी उठली. ऑगस्ट 2019 च्या फर्मानाने 21 वर्षांवरील बाईला वलीच्या, म्हणजे पुरुष पालकाच्या, परवानगीशिवाय पासपोर्ट काढता येऊ लागला. त्याआधी बाप, भाऊ किंवा नवरा ‘अब्शेर’ या सरकारी अ‍ॅपवरून तिचा प्रवास मंजूर करायचा किंवा रोखायचा. जन्म, विवाह, घटस्फोट यांची नोंद स्वतः करता येऊ लागली. हे बदल खरे आहेत आणि घरात रोज जाणवणारे आहेत.

पण 2022 चा कौटुंबिक कायदा वाचा. तो जाहीर झाला नेमका 8 मार्चला, महिला दिनी. त्यात सज्ञान बाईचं लग्न वलीनेच लावून द्यायचं, हे आता लेखी कलम झालं. नफका, म्हणजे नवऱ्याने द्यायचा खर्च, तो कधी बंद होतो याचीही यादी आहे: सबळ कारणाशिवाय तिने शरीरसंबंध नाकारला, नवऱ्याच्या घरी राहायला जायला किंवा तिथे रात्री मुक्कामाला नकार दिला, त्याच्यासोबत प्रवासाला नाही म्हटलं. घटस्फोट नवरा एकतर्फी देऊ शकतो. तिला मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने दिलेली रक्कम, परत करून ‘खुला’ हा बायकोने मागायचा घटस्फोट घ्यावा लागतो, नाहीतर कोर्टात कारणं शाबीत करावी लागतात. मुलं आईकडे राहिली तरी कायदेशीर पालक बापच. याआधी या गोष्टी न्यायाधीशागणिक बदलायच्या, म्हणून लेखी कायदा आला हे काहींना पाऊल पुढे वाटलं. वाटू दे. पण पालकत्व त्यात शिल्लक आहे, ते संपलेलं नाही.

आता कपडे. मार्च 2018 मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी अमेरिकी टीव्हीवर सांगितलं की कायदा फक्त सभ्य कपडे मागतो, काळा अबायाच, म्हणजे अंगभर पायघोळ झगाच, घाला असं म्हणत नाही. रियाधमधली फिटनेस प्रशिक्षक मनाहिल अल-ओतैबी हिने ते शब्दशः घेतलं. 2019 मध्ये तिने डॉइशे वेले या जर्मन वृत्तवाहिनीला तसं सांगितलंही: युवराजांनी म्हटलंय, म्हणून मी मला हवं ते घालते. नोव्हेंबर 2022 मध्ये तिला अटक झाली. आरोपांत वलीची पद्धत बंद करा म्हणणाऱ्या पोस्ट होत्या आणि अबाया न घालता दुकानात गेल्याचे व्हिडिओ होते. जानेवारी 2024 मध्ये दहशतवादाचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाने तिला 11 वर्षं ठोठावली. सौदी सरकारचं म्हणणं, गुन्हे दहशतवादाचे आहेत, मतांचा संबंध नाही. ही शिक्षा बाहेर कळली ती एप्रिलअखेर, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना सरकारने दिलेल्या उत्तरातून. गाऊनवाला फोटो व्हायरल होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. झेंडा हातात घेतलेल्या गाऊनला हरकत नाही आणि अबायाशिवाय मॉलमध्ये गेलेली, वर हक्काचीही भाषा करणारी बाई तुरुंगात. गाडीच्या बंदीबाबतही हेच झालं: जून 2018 मध्ये बंदी उठली आणि त्यासाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या लुजैन अल-हथलूलला त्याच्या आदल्या महिन्यात उचललं गेलं. सूट द्यायची, पण ती मागून मिळाली असं दिसू द्यायचं नाही, हा तिथला हिशेब आहे.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही नाही. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम बायका मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्या तोंडी तलाक आणि सवत याबद्दल होत्या. कपड्यांबद्दल एकही नव्हती.

‘विरोध करतात ते फक्त मौलवी’

बंगळुरू, नोव्हेंबर 1996. मिस वर्ल्डविरुद्ध एका बाजूला डाव्या महिला संघटना, दुसऱ्या बाजूला संस्कृतीवाले. शेवटी स्विमसूट फेरी सेशेल्सला न्यावी लागली. मौलवी तिथे मुख्य पात्र नव्हते. 2003 मध्ये कॅलिफोर्नियात राहणारी विदा समदझाई अफगाणिस्तानच्या नावाने मिस अर्थमध्ये लाल बिकिनीत उतरली, तेव्हा काबूलच्या सर्वोच्च न्यायालयाने निषेध केला हे सगळ्यांना आठवतं. त्या वेळच्या महिला व्यवहार मंत्री हबीबा सराबी यांनीही, याला स्त्रीस्वातंत्र्य म्हणत नाहीत, हे पुरुषांचं मनोरंजन आहे, अशा अर्थाचं सांगितलं होतं, ते कुणी सांगत नाही. पटो न पटो, ते मौलवीचं मत नव्हे. आणि धार्मिक बाजू सरसकट स्पर्धाविरोधी असते असंही नाही: सप्टेंबर 2013 मध्ये बालीतल्या मिस वर्ल्डमधून बिकिनी वगळावी लागली, त्याच महिन्यात जकार्तात ‘वर्ल्ड मुस्लिमा’ स्पर्धा झाली. हिजाब सक्तीचा, कुराणपठणाला गुण, मुकुट आणि रोख बक्षीस मात्र तसंच.

‘स्पर्धेतून जगाचा रेटा आला की बायका सुटतात’

हा दावा सगळ्यात धोक्याचा, कारण त्याची एकदा प्रत्यक्ष परीक्षा झाली आहे. 2001 ची मिस वर्ल्ड नायजेरियाची अग्बानी दारेगो, म्हणून 2002 ची स्पर्धा अबुजाला ठरली. त्याच वर्षी उत्तरेच्या कात्सिना राज्यात अमीना लवल या घटस्फोटित बाईला शरिया न्यायालयाने व्यभिचारासाठी दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा दिली. पुरावा काय, तर तिला झालेली मुलगी. पुरुषाने इन्कार केला, तो सुटला. काही देशांच्या स्पर्धकांनी बहिष्कार जाहीर केला. त्यातच रमजान, आणि 16 नोव्हेंबरला ‘धिस डे’ दैनिकात इसिओमा डॅनियल हिचा लेख. त्यात स्पर्धेचा बचाव करताना प्रेषितांबद्दल एक खेळकर वाक्य होतं. कादुना शहरात वृत्तपत्राचं कार्यालय जाळलं गेलं आणि दंगलीत 200 हून अधिक माणसं मेली. उत्तरेच्याच झमफारा राज्याच्या उपराज्यपालाने डॅनियलला मारा असं जाहीर केलं, ती देश सोडून गेली. स्पर्धक लंडनला हलवल्या, 7 डिसेंबरला मुकुट दिला गेला. मागे राहिली अमीना, आणि तिच्या खटल्याभोवतीचं वातावरण आणखी तापलेलं.

तिला सोडवलं ते कज्जेदलालीने, शब्दाच्या चांगल्या अर्थाने. हौवा इब्राहिम आणि तिचे सहकारी वकील, सोबत ‘बाओबाब’ ही नायजेरियन महिला संघटना. त्यांनी शरियाबाहेर पाऊल टाकलं नाही. त्याच कायद्यातल्या चुका दाखवल्या. खालच्या कोर्टात तीन न्यायाधीश हवे होते, होता एक. कबुलीजबाब नियमाप्रमाणे घेतलेला नव्हता. मालिकी फिकहमध्ये, म्हणजे तिथे चालणाऱ्या इस्लामी कायदापरंपरेत, गर्भ वर्षानुवर्षं ‘निजून’ राहू शकतो असं मानतात, म्हणजे मूल आधीच्या नवऱ्याचंही असू शकतं, हाही मुद्दा मांडला. ऐकायला विचित्र, पण त्या न्यायालयात चालणारा.

याच बाओबाबने मे 2003 मध्ये जगाला पत्र लिहून विनवलं: अमीनासाठीच्या पत्रमोहिमा थांबवा. कारणं नेमकी होती. फिरणाऱ्या याचिकांमध्ये शिक्षेच्या तारखा आणि न्यायालयांची नावं चुकीची होती, त्यामुळे स्थानिक वकिलांचीच विश्वासार्हता जात होती. आणि आधीचा अनुभव ताजा होता: जानेवारी 2001 मध्ये झमफारात एका अल्पवयीन मुलीच्या फटक्यांच्या शिक्षेवर बाहेरून ओरड झाली, तेव्हा तिथल्या सरकारने जगाला दाखवायला म्हणून ठरल्या दिवसाआधीच, अपिलाची वाट न बघता, फटके मारून टाकले. दबाव नकोच असं बाओबाबचं म्हणणं नव्हतं. खटला लढणाऱ्यांना विचारून तो आणा, एवढंच.

25 सप्टेंबर 2003 ला कात्सिनाच्या शरिया अपील न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने अमीनाची शिक्षा रद्द केली. मिस वर्ल्डची गाडी तोवर चीनमधल्या सान्याकडे वळली होती; त्या वर्षीची अंतिम फेरी तिथे 6 डिसेंबरला झाली.