एका डबड्याला दोन वाय-फाय!

कित्येक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर वाय-फाय आधीच असतं. तरी मागे यूएसबी पोर्टात दोनशेचा नॅनो डोंगल, म्हणजे चिमुकला वाय-फाय अॅडाप्टर, खुपसायचा, आणि वर विचारायचं, 'नेट डबल का होत नाही?' अहो, होत नाही! दोन्ही अॅडाप्टर एकाच राउटरला चिकटतात आणि विंडोज कमी मेट्रिकवाला (मेट्रिक म्हणजे पसंतीचा आकडा, जितका कमी तितका आधी) रस्ता धरतं. दुसरा नुसताच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) अडवून बसतो.

मेट्रिक आपोआप ठरतं ते लिंक स्पीडवरून, नेट खरंच चालतंय का यावरून नव्हे. म्हणून विंडोजच्या रन खिडकीत ncpa.cpl टाका, अॅडाप्टरच्या प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, अॅडव्हान्स्ड. ऑटोमॅटिक मेट्रिकची खूण काढा. हवा त्याला 10, दुसऱ्याला 50. त्यापेक्षा नको तो सरळ डिसेबल करा की!

पण नाही. झाडू मारताना डोंगल निघतो, दुसऱ्या पोर्टात जातो. कित्येक स्वस्त डोंगलना स्वतःचा सिरियल नंबरच नसतो, त्यामुळे विंडोजला तो नवाच पाहुणा वाटतो: 'वाय-फाय 4'. घातलेलं मेट्रिक गेलं बाराच्या भावात. जुनी भुतं, म्हणजे डोंगलच्या आधीच्या नोंदी, डिव्हाइस मॅनेजरात 'शो हिडन डिव्हायसेस' केल्यावर दिसतात, तिथून अनइन्स्टॉल करायची.

त्यात निळा यूएसबी 3 पोर्ट वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर गोंगाट करतो, मागे पत्र्याचं कॅबिनेट, मध्ये फोंड्याच्या जुन्या घरातली फूटभर चिऱ्याची भिंत. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणा ना! पावसाळ्यात पोर्टाच्या पत्र्यांवर गंज चढतो, तो वेगळाच.